पाटीवरचं नाव

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

झाडाला नाव ठेवण्याची आपल्याकडची रीत साधी आहे. आधी झाडाकडे बघायचं, पान चुरगाळून वास घ्यायचा, हात लावून बघायचा आणि मग नाव ठेवायचं. हात लावला की मिटतं ते लाजाळू. गाईच्या कानासारखं फूल ती गोकर्ण. अंधार पडल्यावर दरवळते ती रातराणी. बारा महिने फुलते ती सदाफुली. आणि पाल्याला उग्र दर्प येतो म्हणून एक बिचारी झाली घाणेरी. ही नावं कुणा एकाने ठेवलेली नाहीत. पाणंदीतून जाता जाता कुणी बाई म्हणाली असेल, दुसरीने ऐकलं, तिसरीने लेकीला सांगितलं. झालं नाव.

कुंपणावरच्या बोगनवेलीचं मात्र तसं नाही. हे नाव बुगनव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीचं. डेलिया म्हणताना आपण अँडर्स डाल या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाचं नाव घेत असतो. म्हणजे नाव ठेवण्याच्या दोन तऱ्हा झाल्या. एक झाडाकडे बघून, दुसरी माणसाकडे बघून. या दोन तऱ्हांमधलं अंतर किती मोठं आहे, आणि त्या अंतरात कोण कोण माणसं हरवली आहेत, याची गोष्ट आज सांगायची आहे. गोष्ट एका अशा झाडाची, जे आपल्या अंगणात येत नाही. त्याचं नाव होस्टा.

हॉलंडमध्ये लायडन शहरापासून जवळच बोस्कोप नावाचं गाव आहे. कोल्हापूरला गूळ, तसं बोस्कोपला रोपं. गावभर नर्सऱ्या. लांबट, अरुंद पट्ट्यांची शेतं आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये पाण्याचे चर. माझी भाची नोकरीनिमित्त तिकडे असते. दोन वर्षांपूर्वी मेअखेरीला तिच्याकडे गेलो, तेव्हा ती मला तिथल्या एका नर्सरीत घेऊन गेली. या नर्सऱ्यांची एक पद्धत मला फार आवडली. विकायची रोपं एका बाजूला कुंड्यांत असतात आणि दुसऱ्या बाजूला तीच झाडं जमिनीत लावून, पूर्ण वाढवून ठेवलेली एक बाग असते. गिऱ्हाइकाने आधी बागेत फिरायचं, आज वीतभर दिसणारं रोप पाच-सात वर्षांनी केवढं होणार आहे ते डोळ्यांनी बघायचं आणि मग खरेदी करायची.

त्या बागेचा एक मोठा कोपरा होस्टांचा होता. उंच झाडांच्या सावलीत, ओलसर मातीत शेकडो झुबके. होस्टा हे पानांचं झाड. फुलं येतात, जांभळट किंवा पांढरी, दांड्यावर लोंबणारी. पण लोक येतात ते पानं बघायला. अळूच्या जवळपासची हृदयाकृती पानं, देठापासून टोकापर्यंत शिरांच्या खोल घड्या पडलेली. आणि रंग! 'हॅल्सिऑन' नावाच्या जातीची पानं चक्क निळी. हा निळेपणा म्हणजे पानावरचा मेणाचा थर. बोटाने घासला तर जातो आणि उन्हाळा सरता सरता आपोआप विरतोही. 'पेट्रियट'च्या हिरव्या पानाला पांढरीशुभ्र किनार. 'सम अँड सब्स्टन्स'ची पोपटी-पिवळी पानं जेवणाच्या ताटाएवढी. आणि 'ब्लू माउस इअर्स' ही जात नावाप्रमाणे, उंदराच्या कानाएवढ्या जाडसर निळ्या पानांची. पाऊस नुकताच पडून गेला होता. प्रत्येक निळ्या पानाच्या खळग्यात पाण्याचे थेंब पाऱ्यासारखे उभे होते. आपल्याकडे श्रावणात अळूच्या पानावर असतात तसेच.

प्रत्येक झुबक्यासमोर एक पाटी. पाटीवर आधी 'होस्टा' आणि मग जातीचं नाव. भाची म्हणाली, "मामू, तुम्ही झाडं बघताय की पाट्या वाचताय?" खरं तर मी पाट्याच वाचत होतो. शब्द दिसला की तो कुठून आला हे विचारण्याची जुनी खोड. नर्सरीतल्या वयस्क बाईंना विचारलं, "तुमच्या भाषेत याला काय म्हणता?" त्या म्हणाल्या, "हार्टलेली." म्हणजे काळजाच्या आकाराची लिली. मला बरं वाटलं. पाटीवर नसलं तरी डच आयाबायांनी झाडाकडे बघून नाव ठेवलं होतंच.

मग 'होस्टा' कोण?

ते कळण्यासाठी झाडाच्या माहेरी जायला हवं. होस्टाचं मूळ घर चीन, कोरिया आणि जपान. डोंगरउतारावर, झऱ्याकाठी, जंगलाच्या सावलीत ते उगवतं. हिवाळ्यात वरचं सगळं झडून जातं, जमिनीखालचा गड्डा झोपी जातो आणि वसंतात मातीतून टोकदार कोंब वर येतात. ही थंडीची झोप मिळाली नाही तर झाड खंगतं. म्हणून मुंबईत किंवा कोकणात ते टिकत नाही.

चीनमधल्या एका होस्टाला पांढरीशुभ्र, लांब, सुवासिक फुलं येतात आणि ती संध्याकाळी उमलतात. त्याची मिटलेली कळी बायकांच्या केसांत खोवायच्या काडीसारखी दिसते. म्हणून चिनी लोकांनी त्याला नाव दिलं 'यू-झान', जेड दगडाची केसांतली काडी. जपानी लोकांना कळ्यांच्या झुबक्यात आणखी काही दिसलं. तिकडे लाकडी पुलांच्या कठड्यांच्या खांबांवर कांद्याच्या आकाराचे कळस बसवतात. त्यांना म्हणतात 'गिबोशी'. क्योटोच्या सान्जो पुलावरच्या अशा ब्राँझच्या कळसांवर १५९० सालचा मजकूर कोरलेला आहे. तोच आकार फुलांच्या कळ्यांत दिसला म्हणून झाडाचं नावही गिबोशी.

आणि हे नुसतं बघायचं झाड नव्हे, खायचंही. उत्तर जपानच्या यामागाता प्रांतात बर्फ वितळल्यावर होस्टाचे कोवळे कोंब भाजी म्हणून खातात. या भाजीला म्हणतात 'उरुई'. आपल्याकडे पहिला पाऊस पडला की फोडशीची भाजी येते ना, अगदी तशीच. आणि हे साम्य वरवरचं नाही. होस्टा आणि फोडशी एकाच कुळातली आहेत, शतावरीच्या. त्यात आपला निशिगंध तर होस्टाचा आणखी जवळचा नातेवाईक. संध्याकाळी उमलणारं पांढरं सुवासिक फूल ही घराण्याचीच खूण म्हणायची.

आता सतराव्या शतकात येऊ. जपानने परदेशी लोकांना दारं बंद केली होती. युरोपीयांपैकी फक्त डच ईस्ट इंडिया कंपनीला व्यापाराची मुभा होती, तीही नागासाकी बंदरातल्या देजिमा नावाच्या एका कृत्रिम बेटावर. पंख्याच्या आकाराचं हे बेट लांबीला जेमतेम दोन-सव्वादोनशे पावलं. पूल ओलांडून गावात जायला परवानगी लागायची. वेंगुर्ल्याला डच वखारीचे अवशेष ज्यांनी पाहिले असतील, त्यांना ही कंपनी माहीत आहे. तीच ही.

कंपनीचा डॉक्टर म्हणून १६९० साली एंगेलबर्ट केम्पफर नावाचा जर्मन माणूस देजिमावर आला आणि दोन वर्षं राहिला. कंपनीच्या लोकांना दरवर्षी राजधानी एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, शोगुनच्या भेटीला जावं लागे. तिथे पडद्याआड बसलेल्या शोगुनच्या करमणुकीसाठी या विद्वान डॉक्टरला नाचावं लागलं, गावं लागलं, दारू प्यायल्याचं सोंग करावं लागलं. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. पण जाता-येता त्याने झाडं बघितली, लोकांना नावं विचारली. १७१२ साली छापलेल्या त्याच्या ग्रंथात होस्टा आहे, आणि आहे ते 'गिबोशी' या नावानेच. युरोपच्या कागदावर हे झाड पहिल्यांदा उतरलं ते स्वतःचं नाव घेऊन.

पुढे १७७५ मध्ये आला कार्ल पीटर थुनबर्ग. वनस्पतींच्या नामकरणाची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसचा हा शिष्य. बेटाबाहेर जायला मिळेना, तेव्हा गुराबकऱ्यांसाठी बेटावर रोज जो चारा येई, त्याच्या पेंढ्या सोडून तो त्यातून झाडं वेचत बसे. बकरीच्या तोंडचं झाड पळवून शास्त्र लिहिणारा हा माणूस मला फार आवडतो. त्याने होस्टाला लॅटिन नाव दिलं, पण घर चुकलं. त्याला ते दुसऱ्याच एका लिलीचं भावंड वाटलं.

याच सुमारास, १७८० नंतरच्या दशकात, चिनी होस्टाचं बी पॅरिसला पोचलं. झाड युरोपात रुजलं, शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की हे कुळ वेगळं आहे, याला स्वतंत्र नाव हवं. १८१२ साली व्हिएन्नातल्या ट्राटिनिक नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते दिलं. निकोलाउस टोमास होस्ट हा ऑस्ट्रियाच्या सम्राटाचा डॉक्टर होता, वनस्पतींचाही जाणकार होता. ऑस्ट्रियातल्या गवतांवर त्याने मोलाचं काम केलं आहे. त्याच्या सन्मानार्थ झाड झालं होस्टा. यात होस्टसाहेबांचा काही दोष नाही. पण जपान-चीनच्या या झाडाशी त्यांचा काय संबंध? त्यांचं काम ऑस्ट्रियाच्या माळरानावरचं.

गंमत इथेच थांबत नाही. होस्ट हे नाव आधीच दुसऱ्या झाडांना देऊन झालं होतं, म्हणून १८१७ मध्ये नवं नाव आलं 'फुंकिया'. हे फुंक म्हणजे बव्हेरियातले एक औषधविक्रेते, शेवाळांचे अभ्यासक. जवळजवळ शतकभर दोन्ही नावं चालली. शेवटी १९०५ साली व्हिएन्नातच वनस्पतिशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि 'होस्टा' कायम झालं. जर्मनीत बागकाम करणारे लोक अजूनही फुंकियाच म्हणतात. एका ऑस्ट्रियनाचं नाव की एका जर्मनाचं, हा वाद शंभर वर्षं चालला. केम्पफरने छापलेलं 'गिबोशी' या वादात कुठेच नव्हतं.

या गोष्टीतला सर्वांत मोठा माणूस अजून यायचा आहे. फिलिप फ्रान्झ फॉन झीबोल्ट. जन्म १७९६, जर्मनीतल्या वुर्झबर्गचा. डच सरकारच्या नोकरीत डॉक्टर म्हणून १८२३ साली तो देजिमावर आला. हाताला गुण होता. लवकरच त्याला बेटाबाहेर रुग्ण तपासायची परवानगी मिळाली. १८२४ मध्ये नागासाकीजवळ नारुताकी इथे त्याने शाळा काढली. जपानभरातून तरुण डॉक्टर पाश्चात्त्य वैद्यक शिकायला तिथे येऊ लागले. रुग्णांकडून तो पैसे घेत नसे. लोक कृतज्ञतेने वस्तू आणत, झाडं आणत. झीबोल्टच्या संग्रहातली कितीतरी झाडं अशी आली आहेत. कुणाचा ताप उतरला म्हणून, कुणाची दृष्टी परत आली म्हणून. त्या रुग्णांची नावं कुठल्या पाटीवर असणार?

नागासाकीत झीबोल्टच्या आयुष्यात कुसुमोतो ताकी आली. १८२७ मध्ये त्यांना मुलगी झाली, इने. आणि मग पुढच्याच वर्षी घात झाला. एदोच्या भेटीत झीबोल्टची ओळख दरबारी ज्योतिर्विद ताकाहाशी कागेयासु यांच्याशी झाली होती. विद्वान माणूस. जगाची माहिती मिळावी म्हणून झपाटलेला. झीबोल्टने त्यांना एका रशियन दर्यावर्दीचा प्रवासग्रंथ दिला, त्यांनी बदल्यात जपानचे नकाशे दिले. परदेशी माणसाला नकाशा देणं हा देशद्रोह होता. १८२८ साली हे उघडकीला आलं. ताकाहाशींना अटक झाली. १८२९ मध्ये तुरुंगातच त्यांचा मृत्यू झाला. पण खटल्याचा निकाल लागायचा होता. म्हणून त्यांचा देह मिठात घालून ठेवला गेला आणि पुढच्या वर्षी निकाल लागल्यावर त्या मृतदेहाचा शिरच्छेद करण्यात आला.

झीबोल्ट हद्दपार झाला. १८२९ च्या डिसेंबरअखेर त्याचं जहाज निघालं. मागे राहिली ताकी, दोन वर्षांची इने, आणि शिक्षा भोगणारे मित्र. बरोबर आली झाडं.

हे १८२९ साल मी पुनःपुन्हा न्याहाळतो. याच वर्षी एदोमध्ये मिझुनो नावाच्या एका गृहस्थाचा सात भागांचा ग्रंथ निघाला. विषय काय, तर पानांवर पांढरे-पिवळे पट्टे, ठिपके, किनारी असलेली झाडं. त्यांची सचित्र सूची. म्हणजे आज बोस्कोपला ज्या किनारीच्या पानांपुढे लोक थबकतात, तसल्या पानांचं वेड एदोच्या माळ्यांना तेव्हाच होतं. हजारांतून एखादं निराळं रोप निपजतं, ते ओळखायचं, वेगळं काढायचं, गड्डा फोडून वाढवायचं, पिढ्यान्‌पिढ्या जपायचं, हे काम ते करत होते. आणि याच १८२९ मध्ये झीबोल्टचा शिष्य, नागोयाचा इतो केइसुके, याने थुनबर्गच्या ग्रंथाच्या आधाराने लॅटिन नावं आणि जपानी नावं शेजारी शेजारी मांडणारं पुस्तक छापलं. थुनबर्गची प्रत त्याला गुरूनेच दिली होती. एकाच वर्षी गुरू देशाबाहेर घालवला गेला, मित्र तुरुंगात मेला, आणि शिष्याने दोन भाषांमधला पूल बांधला.

झीबोल्ट लायडनला स्थायिक झाला. शेजारच्या लायडरडॉर्पला त्याने नर्सरी काढली. जपानहून आणलेली झाडं तिथे वाढवायची, किमतींसह याद्या छापायच्या आणि युरोपभर विकायची. आज आपण नर्सरीत जसे हिंडतो, तसे लोक तेव्हा जपानी झाडं बघायला, विकत घ्यायला येऊ लागले. होस्टा घरोघर पोचला तो प्रामुख्याने इथून. लायडनची वनस्पतीबाग १५९० सालची, म्हणजे सान्जो पुलावरच्या त्या गिबोशी कळसांच्याच वयाची. तिथे झीबोल्टने आणलेल्यांपैकी काही झाडं आजही उभी आहेत.

झीबोल्टचं नाव एका भव्य होस्टाला मिळालं, 'होस्टा सीबोल्डियाना'. आणि ताकीचं? ते झीबोल्टने एका निळ्या हायड्रेंजियाला दिलं, 'ओताक्सा'. लोक समजले हा जपानी शब्द असेल. पुढे तोमितारो माकिनो या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञाने गुपित फोडलं. 'ओताक्सा' म्हणजे 'ओ-ताकी-सान', 'ताकीबाई'. झीबोल्ट तिला याच नावाने हाक मारत असणार. माकिनोंना हे मुळीच रुचलं नाही, त्यांनी कडक शब्दांत टीका केली. पण १९२८ साली त्यांची स्वतःची पत्नी सुएको गेली, तेव्हा त्यांनीही एका बांबूला तिचं नाव दिलं. त्यांच्या दारिद्र्याच्या दिवसांत संसार तिने ओढला होता. मला या दोघांचाही राग येत नाही. नाव देण्यामागे प्रेम असेल, ऋण असेल, तर ते झाडालाही जड होत नसावं.

ताकीची मुलगी इने मात्र कुणाच्या पाटीवर अवलंबून राहिली नाही. वडिलांच्या शिष्यांकडे ती वैद्यक शिकली, टोकियोत दवाखाना काढला, १८७३ मध्ये राजघराण्यातल्या प्रसूतीसाठी तिला बोलावणं आलं. पाश्चात्त्य वैद्यक करणारी जपानमधली पहिली स्त्री डॉक्टर म्हणून तिचं नाव घेतात. १८५९ साली बंदी उठून झीबोल्ट परत जपानला आला, तेव्हा त्याला ताकी आणि इने भेटल्या. मधे तीस वर्षं गेली होती.

आता पुन्हा बोस्कोपच्या पाट्यांकडे येऊ. युरोपीय शास्त्रज्ञांनी जपानहून आलेल्या होस्टांना जंगली जाती समजून भराभर लॅटिन नावं दिली. १९९१ मध्ये जॉर्ज श्मिड यांचा होस्टांवरचा मोठा ग्रंथ आला. त्यात त्यांनी दाखवून दिलं की यांतल्या अनेक 'जाती' जंगलातल्या नाहीतच. त्या बागेतल्या आहेत, माणसाने निवडलेल्या, जपलेल्या. म्हणजे युरोपने ज्याला निसर्गाची करणी समजून स्वतःचं नाव दिलं, ती कुणा अनाम माळ्याची मेहनत होती.

निवडणारा डोळा काय करतो याचा एक नोंदलेला दाखला अमेरिकेतला आहे. १९३६ साली फ्रान्सेस विल्यम्स नावाच्या बाई कनेटिकटमधल्या एका नर्सरीत गेल्या. सीबोल्डियानाच्या निळ्या रोपांची रांग होती. त्यात एकाच रोपाला पिवळी किनार दिसली. त्यांनी ते घरी नेलं, वाढवलं, लोकांना वाटलं. पुढे ऑक्सफर्डच्या वनस्पतीबागेतल्या जॉर्ज रॉबिन्सन यांनी त्याला 'फ्रान्सेस विल्यम्स' हेच नाव दिलं. जगातल्या सर्वांत लोकप्रिय होस्टांपैकी हा एक. बाईंना त्यांचं श्रेय मिळालं हे छानच झालं. पण हेच काम एदोमध्ये ज्यांनी शेकडो वेळा केलं, त्यांची नावं काय होती?

अमेरिकेत १९६८ मध्ये होस्टा मंडळ स्थापन झालं आणि मग नव्या जातींचा पूर आला. आज त्या हजारोंनी आहेत. हौसेचा अतिरेक झाला की काय होतं तेही या झाडाने दाखवलं. काही होस्टांच्या पानांवर शिरांच्या कडेने विचित्र रंग फुटलेले दिसले. लोकांना ती नवलाई वाटली, नवी नावं देऊन ती झाडं विकली गेली. १९९६ साली मिनेसोटा विद्यापीठात कळलं की ही नवलाई नाही, विषाणूचा रोग आहे. कापायच्या सुरीवरून एका झाडाचा दुसऱ्याला लागणारा. नाव द्यायची घाई झाली, झाडाकडे बघायचं राहून गेलं.

पण एका पाटीने मला दिलासा दिला. 'सागाए'. रुंद पानं, पिवळसर लाटदार किनार, भारदस्त झाड. पाश्चात्त्य बागांत हे आधी एका लॅटिन-इंग्रजी वर्णनाने ओळखलं जायचं. मग त्याचं जपानी नाव त्याला परत मिळालं. सागाए हे यामागाता प्रांतातलं गाव. उरुईची भाजी खाणारा तोच प्रांत. २००० साली अमेरिकेतल्या होस्टा उत्पादकांनी याच झाडाला 'वर्षाचा होस्टा' म्हणून निवडलं. निदान एक झाड गावच्या नावाने उभं आहे.

म्हणजे श्रेय देता येत नाही असं नाही. त्याच डच कंपनीचा आपल्या बाजूचा दाखला बघा. मलबारचा डच गव्हर्नर व्हॅन ऱ्हेडे याने तिथल्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. १६७८ ते १६९३ या काळात तो ॲमस्टरडॅमला छापला गेला. माहिती कुणी दिली? इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याने, आणि रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोकणी वैद्यांनी. पहिल्याच खंडात या तिघांचं कोकणी भाषेतलं निवेदन नागरी लिपीत छापलेलं आहे. आणि त्या ग्रंथातल्या चित्रांवर झाडाचं नाव रोमन, मलयाळी, अरबी आणि नागरी अशा लिप्यांत कोरलेलं आहे. एकाच झाडाच्या पानांखाली नागरी आणि अरबी अक्षरं शेजारी शेजारी. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा हा कागद. व्हॅन ऱ्हेडे काही संत नव्हता, कंपनीचा अधिकारी होता. तरी त्याने सांगणाऱ्याचं नाव सांगितलं.

ही अक्षरं माझ्या इतकी जिव्हाळ्याची का, तेही सांगतो. मी मराठीत कविता लिहितो. घरात बोलली ती कोकणातली मराठी बोली, आईने अंगाई म्हटली ती त्याच बोलीत. पण व्यासपीठावर माझी ओळख करून देताना कुणीतरी हमखास म्हणतं, "मातृभाषा मराठी नसूनही यांनी मराठीची सेवा केली." टाळ्याही पडतात. बोलणाऱ्याच्या मनात कौतुकच असतं. त्याने पाटीवरचं नाव वाचलेलं असतं आणि त्यावरून मातीचा अंदाज बांधलेला असतो. होस्टाची पाटी वाचून कुणाला वाटेल हे झाड व्हिएन्नाचं, तशातलाच प्रकार.

होस्टाचं नाव आता बदलणार नाही, बदलायचं कारणही नाही. शास्त्राला सगळ्या जगात चालेल असं एक नाव लागतं. प्रश्न त्या नावाखाली काय लिहायचं याचा आहे. नुसतं 'होस्टा' लिहिलं तर एक डॉक्टर आठवतो. खाली 'गिबोशी', 'यू-झान', 'उरुई', 'हार्टलेली' लिहिलं तर पूल ओलांडणारे, केसांत काडी खोवणारे, भाजी खुडणारे, बागेत वाकून बघणारे, सगळे आठवतात.

आपल्याकडे हे काम अजून हाताशी आहे. यंदा मृगाचा पाऊस पडला की बाजाराच्या कडेला, फूटपाथवर, डोंगरातल्या बायका रानभाज्यांच्या जुड्या घेऊन बसतील. त्यात फोडशी असेल, कुणी तिला कुली म्हणेल. होस्टाची ही आपली चुलत बहीण. भाव विचारून झाला की आणखी दोन प्रश्न विचारा. तुमच्या पाड्यावर हिला काय म्हणतात, आणि तुम्हाला ही पहिल्यांदा कुणी दाखवली. बहुतेक जणी आईचं किंवा आजीचं नाव सांगतील. ते नाव, गावाचं नाव आणि भाजीचं नाव घरी आल्यावर एका वहीत लिहून ठेवा.